परळ : गिरण्यांचे गाव आणि तेथील बायका

आपल्या मंडळाची स्मरणिका निघावयाची म्हटले की तीत एखादा इतिहासाचा लेख असावा, असा सर्वांचा आग्रह असतो. सदाशिव पेठेतल्या बाईने इतिहास लिहावयाचा तर शनिवारवाडा, पर्वती, नाही तर कात्रजहून आलेल्या पाण्याचे हौद, असेच विषय सुचतात. ते आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत. म्हणून ह्या वेळी मी जरा लांबच्या, पण आपल्या पुण्याशी पुष्कळ ठिकाणी जोडलेल्या एका वस्तीविषयी लिहिणार आहे. ही वस्ती म्हणजे मुंबईचे परळ. परळ, लालबाग, शिवडी, काळाचौकी, वरळी, नायगाव ह्या सगळ्या भागाला मिळून लोक गिरणगाव म्हणत.

आपली पेठ सदाशिवरावभाऊंच्या नावाने वसली तेव्हा ती पुण्याच्या कडेलाच होती. परळही तसेच मुंबईच्या कडेचे. मुंबई ही मूळची सात बेटे, आणि परळ हे त्यांपैकी एक. तिथली वस्ती किती जुनी आहे ह्याचा दाखला १९३१ साली अचानक मिळाला. रस्त्याचे काम चालू असता जमिनीतून शंकराची एक प्रचंड पाषाणमूर्ती निघाली. मधल्या मूर्तीतून वर आणि दोन्ही बाजूंना आणखी मूर्ती उमलल्यासारख्या दिसतात. अकरा-बारा फूट उंचीची ही शिळा पाचव्या-सहाव्या शतकातली मानतात. ती परळच्या बारादेवीच्या देवळात ठेवलेली आहे. म्हणजे इंग्रज येण्याच्या हजार-अकराशे वर्षे आधी तिथे कोणी मोठे शिल्पकार काम करीत होते.

पोर्तुगीजांच्या काळात परळला पाद्र्यांचा मठ होता. इंग्रजांनी तो काढून घेतला आणि पुढे त्याचाच बंगला करून गव्हर्नर तिथे राहू लागले. त्या वेळी मुंबईचे खरे शहर म्हणजे दक्षिणेकडचा कोट. परळ म्हणजे ताडामाडांची, शेतांची आणि तळ्यांची मोकळी हवेशीर जागा. साहेब लोक हवा खाण्यासाठी तिथे जात. १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन ह्यांच्या पत्नी त्याच बंगल्यात पटकीने वारल्या. आपले फर्ग्युसन कॉलेज ज्यांच्या नावाचे, तेच हे गव्हर्नर. त्यानंतर लवकरच गव्हर्नरांचे बिऱ्हाड मलबार हिलला गेले. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्यावर लस शोधणाऱ्या हाफकिन साहेबांची प्रयोगशाळा १८९९ साली ह्याच रिकाम्या बंगल्यात आणली गेली. आज ती हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून प्रसिद्ध आहे.

परंतु साहेबांनी परळ सोडले ह्याचे कारण केवळ पटकी नव्हे. तोवर परळची हवाच पालटली होती. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर ह्या पारशी व्यापाऱ्याने ताडदेवला कापडाच्या गिरणीची कंपनी काढली, आणि १८५६ साली तिच्यातून सूत निघू लागले. १८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली होती. त्यामुळे वऱ्हाड-खानदेशाचा कापूस मुंबईत आणण्याची सोय झाली. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत आपसात लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. पुढे तो भाव कोसळून कित्येक सावकार बुडाले. पण ज्यांच्याजवळ पैसा टिकला त्यांनी गिरण्या घातल्या. गिरणीला मोठी जागा लागते, बॉयलरला भरपूर पाणी लागते आणि जवळ रेल्वे लागते. हे तिन्ही परळच्या बाजूला होते. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतल्या गिरण्यांची संख्या ऐंशीच्या आसपास गेली, आणि त्यांतल्या पुष्कळशा ह्याच पट्ट्यात होत्या. पहाटे भोंगे होत, धुराडी धूर ओकू लागत, आणि साऱ्या वस्तीचा दिवस त्या भोंग्यावर चाले. आपल्या आजी-पणजीची गिरणीची लुगडी, मांजरपाट, उशांचे अभ्रे ह्यांतले किती तरी कापड तिकडचे असे.

गिरण्यांचा इतिहास सांगताना मालक, पुढारी आणि संप एवढेच सांगण्याची चाल आहे. त्यात बाई आली तर मोर्चाच्या छायाचित्रात एका कोपऱ्यात. पण गिरणगाव नीट पाहिले तर असे दिसते की, ते निम्मे तरी बायकांच्या हातांवर उभे होते. हेच मला मुख्यतः सांगावयाचे आहे.

प्रथम गिरणीच्या आतल्या बायका पाहू. १९२० च्या सुमारास मुंबईच्या गिरणी कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा बायका होत्या. त्या बहुतेक वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत असत. चात्यांवर कातलेले सूत बॉबिनवर गुंडाळावयाचे, तुटलेला धागा चटकन सांधावयाचा, सुताच्या लड्या करावयाच्या, असे हे काम. एके काळी ह्या लड्या चीनपर्यंत जात आणि आपल्या हातमागवाल्यांनाही पुरवल्या जात. मजुरी कामाच्या मापावर, म्हणजे हात थांबला की पैसा थांबला. बायकांवर देखरेखीला एक नायकीण असे. कामावर घेणे, काढणे तिच्या मर्जीवर, म्हणून तिला खूश ठेवावे लागे. खात्यात धागा तुटू नये म्हणून हवा दमट ठेवीत, कापसाची कुसे नाकातोंडात जात, आणि उभ्याने दहा-अकरा तास काम. १८९१ च्या कायद्याने बायकांना दिवसाला अकरा तासांची मर्यादा घातली, तीही त्या वेळी मोठी सुधारणा वाटली. त्याआधी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम असे.

अंगावरचे मूल कोठे ठेवावयाचे, हा आणखी प्रश्न. घरी पाहणारे कोणी नसेल तर मुलाला अफूची बाळगोळी देऊन निजवीत आणि आई कामावर जाई. आज हे वाचून आपल्या अंगावर काटा येतो. परंतु त्या आयांना दोष देण्याआधी, दिवसाची मजुरी बुडाली तर संध्याकाळी चूल कशी पेटणार, हेही विचारले पाहिजे.

ह्या लोकांसाठी पहिल्याने धडपड केली ती नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी. हे जोतीराव फुल्यांचे सहकारी. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेले 'दीनबंधु' पत्र त्यांनी मुंबईत नेऊन चालविले. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना केली. सर्व कामगारांना एकाच दिवशी साप्ताहिक सुटी मिळावी म्हणून १८९० च्या एप्रिलमध्ये त्यांनी मोठी सभा भरविली. तिला दहा हजारांच्या आसपास कामगार होते, आणि तीत दोन कामगार स्त्रिया उभ्या राहून बोलल्या. पुण्यात त्या वेळी मुलींनी इंग्रजी शाळेत जावे की नाही ह्यावर वाद चालला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या दोघींचे धैर्य कळते. जून १८९० पासून रविवारची सुटी मिळू लागली. आज आपण घरातल्यांना रविवारी उशिरा उठू देतो. त्या सुटीमागे ही सभा आहे.

पुण्याचा आणि परळचा सर्वांत मोठा धागा म्हणजे लोकमान्य टिळक. २२ जुलै १९०८ रोजी त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. त्याबरोबर गिरण्या बंद पडू लागल्या, आणि वर्षाला एक दिवस ह्या हिशेबाने कामगारांनी सहा दिवस हरताळ पाळला. लष्कराने गोळीबार केला, माणसे मेली. केसरीवाड्याच्या माणसासाठी सातारा-कोकणातून पोटासाठी आलेल्या माणसांनी मजुरी सोडली आणि गोळ्याही खाल्ल्या. आपल्या पेठांत हे अधिक आठवणीत असावयास हवे. पुढे पुण्याच्या भारत सेवक समाजाचे सदस्य ना. म. जोशी ह्यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली, आणि कामगारांसाठी वाचनालये, रात्रीच्या शाळा सुरू झाल्या. परळचे दामोदर हॉल हे नाट्यगृह त्याच संस्थेचे. आज गिरणगावातल्या एका मोठ्या रस्त्याला जोशींचे नाव आहे.

१९२८ साली सहा महिने चाललेला मोठा संप झाला. त्यात दीड लाखाच्या आसपास कामगार होते, आणि बायकाही गिरण्यांच्या दारांशी उभ्या राहिल्या. उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर ही नावे त्यांच्या चळवळीत पुढे आली. दोघींची आत्मचरित्रे आहेत, 'पण ऐकतं कोण?' आणि 'एका रणरागिणीची हकीकत'. ज्या भगिनींना वाचनाची आवड आहे त्यांनी ती अवश्य मिळवून वाचावीत. त्याच सुमारास मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणात पगार मिळावा असे बिल आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केले. १९२९ साली कायदा झाला आणि बाळंतिणीला रजेत रोज आठ आणे मिळण्याची तरतूद झाली.

कायदा चांगलाच होता. परंतु काही मालकांनी हिशेब केला की, बाई ठेवली तर बाळंतपणाचा खर्च पडणार. त्यातून बायकांना रात्रपाळी कायद्याने बंद, म्हणून दोन-तीन पाळ्यांत गिरणी चालवावयाची तर त्या अडचणीच्या. पुढे नवी यंत्रे आली आणि त्यांच्यावर पुरुष घेतले गेले. अशा रीतीने पाचवा हिस्सा असलेल्या बायका कमी कमी होत शेवटी मूठभर उरल्या. बायकांसाठी केलेली सवलत मालकाच्या खिशातून जाणार असली तर ती बाईलाच कामावरून घालवू शकते, हा धडा आजच्या नोकरी करणाऱ्या मुलींनाही उपयोगी आहे.

गिरणीतून बाहेर पडलेल्या बायका स्वस्थ बसल्या नाहीत, आणि इथे खाणावळीची गोष्ट येते. मुंबईत पुरुष एकटेच येत. बायकामुले गावी शेतीवाडी सांभाळीत. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईत हजार पुरुषांमागे बायका साडेपाचशेच्याही आत होत्या. एकेका खोलीत दहा-पंधरा, कधी त्याहूनही अधिक पुरुष पाळीपाळीने निजत. ट्रंक खोलीत, पथारी व्हरांड्यात. ह्यांना जेवू कोण घालणार? चाळीतल्याच बायकांनी हे काम घेतले. कोणी विधवा, कोणाचा नवरा आजारी, कोणाच्या घरी बदली कामगाराची बेभरवशाची मिळकत. त्या काळच्या बी. डी. डी. चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात स्वतःचा संसार आणि पंधरा माणसांचा स्वयंपाक.

आपण गृहिणी आहोत, तेव्हा हिशेब करून पाहू. पंधरा माणसे, दोन वेळा, प्रत्येकी तीन भाकऱ्या धरल्या तर दिवसाच्या नव्वद भाकऱ्या झाल्या. त्याबरोबर कालवण, भात. पहिल्या पाळीच्या माणसाला पहाटे डबा हवा, दुसऱ्या पाळीचा रात्री उशिरा जेवणार. म्हणजे बाई पहाटे चारला उठणार आणि निजणार मध्यरात्रीनंतर. पाणी सार्वजनिक नळाचे, तेही ठराविक वेळी. पैसे महिन्याने मिळत, आणि पगार पुढच्या महिन्यात उशिरा होई, म्हणून वाण्याची उधारी व सावकाराचे व्याज खाणावळवालीच्या डोक्यावर. माणूस गावी गेला तर 'खाडे' वजा करावे लागत. संप झाला तर पैसे नाहीत, पण जेवण बंद करता येत नाही. रोज आपल्या पाटावर जेवणाऱ्या माणसाला 'उद्यापासून येऊ नकोस' असे कोण म्हणणार? पुढाऱ्यांनी संप पुकारावा, आणि तो महिनोन्महिने टिकावा तो ह्या बायकांच्या उधारीवर. १९२८ चा संप सहा महिने चालला असे आपण सहज लिहितो. त्या सहा महिन्यांत कामगार जेवले कोठे, हे लिहिलेले क्वचितच आढळते.

स्वातंत्र्यानंतरही गिरणगाव भरभराटीत होते. लालबाग-परळचे सार्वजनिक गणपती, कोकणी माणसांची भजनी मंडळे, अमर शेख व अण्णा भाऊ साठे ह्यांचे शाहिरी फड ह्यांनी तो भाग गाजत असे. संयुक्त महाराष्ट्राची समिती ६ फेब्रुवारी १९५६ रोजी आपल्या टिळक स्मारक मंदिरात स्थापन झाली, पण तिला रस्त्यावर बळ दिले ते गिरणगावाने. १ मे १९६० रोजी मुंबई महाराष्ट्राची राजधानी झाली, त्यात त्या चाळींतल्या माणसांचा वाटा फार मोठा.

खाणावळवाल्यांचा वाली मात्र १९७५ साली पुढे आला. गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतलेल्या प्रेमाताई पुरव ह्यांनी ह्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. सावकाराच्या व्याजातून सुटण्यासाठी राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवावयाचे, आणि एकीने दुसरीला जामीन राहावयाचे, अशी योजना. घर नावावर नाही, दागिना नाही, अशा बाईची पत कोणती? तर तिच्या शेजारणीचा शब्द. बायकांनी कर्जे वेळेवर फेडली आणि मंडळ वाढत गेले. प्रेमाताईंना पुढे पद्मश्री मिळाली. आपल्या मंडळाची भिशी चालविताना हे उदाहरण डोळ्यांपुढे असावे.

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली सर्व गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप कधी मागे घेतला असे झालेच नाही. दीड-दोन वर्षांनी तो विरून गेला. हजारो लोकांना पुन्हा कामावर घेतले नाही. कित्येक गिरण्या उघडल्याच नाहीत, आणि उघडल्या त्याही पुढे बंद पडल्या. कारणे एक नव्हती. यंत्रे जुनी झाली होती, भिवंडीसारख्या ठिकाणी यंत्रमागावर कापड स्वस्त निघत होते, आणि गिरणीपेक्षा गिरणीखालच्या जमिनीला अधिक किंमत आली होती.

माझे माहेर लालबागचे, म्हणून ह्या पुढचे मला वाचून कळलेले नाही. वडील एका गिरणीत साच्यावर होते. संप झाला तेव्हा मी तीन वर्षांची होते. वडिलांना पुन्हा काम मिळाले नाही आणि त्यांची हिशेबाची रक्कम फार वर्षे अडकून पडली. आईकडे जेवणारी माणसे एकेक करून गावी गेली, काहींची उधारी तशीच राहिली. कोणी मुद्दाम बुडविली असे आई कधी म्हणाली नाही. तिने मग कचेऱ्यांतल्या लोकांना डबे द्यावयास सुरुवात केली. मी सातवी झाल्यावर डबे पोचविण्यासाठी घरी राहिले. आमच्या मजल्यावर अशा आम्ही चौघी होतो. वर्गात पहिल्या पाचांत येणारी एकजण त्यांत होती. संपाच्या नुकसानीचे आकडे पुष्कळ छापून आले. मुलींच्या सुटलेल्या शाळा कोणी मोजल्या नाहीत.

गिरण्यांची जमीन सुमारे सहाशे एकर. १९९१ साली सरकारने नियम केला की, गिरणीची जागा विकासाला काढली तर तिचे साधारण तीन वाटे व्हावेत : एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. २००१ साली नियम बदलला, आणि इमारती सोडून जी जागा रिकामी असेल तेवढीचेच वाटे करावयाचे ठरले. जमीन सारी इमारतींखालीच. तेव्हा लोकांच्या वाट्याला फार थोडे आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि मार्च २००६ मध्ये निकाल नव्या नियमाच्या बाजूने लागला. आज तिथे काचेच्या कचेऱ्या, मॉल आणि आभाळाला टेकणारी घरे आहेत. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे, आणि तिचे धुराडे तेवढे शोभेला राखले आहे. माणसे वाढली पण वाटा गिरणीच्या काळच्याच राहिल्या. २९ सप्टेंबर २०१७ रोजी परळ-एल्फिन्स्टन स्थानकाच्या अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे दगावली.

गिरणी कामगारांना घरे द्यावयाची म्हणून म्हाडाने २०१२ पासून मोठ्या सोडती काढल्या. अर्ज दीड लाखाहून अधिक आणि घरे काही हजार. पुष्कळ म्हातारी माणसे वाट पाहतच गेली. त्यात आणखी एक गोष्ट अशी की, घर मागावयाचे तर १९८२ साली वा त्यानंतर कामगाराचे नाव गिरणीच्या पटावर असले पाहिजे. हे रीतसरच आहे. पण खाणावळवालीचे नाव कोणत्या पटावर? तिने पंचवीस वर्षे रोज नव्वद भाकऱ्या थापल्या असतील, तरी सरकारी कागदावर ती कामगाराची बायको, नाही तर 'घरकाम'. तिच्या श्रमाचा पुरावा म्हणजे हिशेबाची तेलकट वही, आणि ती केव्हाच रद्दीत गेलेली.

म्हणून गिरणगावाची आठवण ठेवावयाची तर केवळ धुराडी राखून भागणार नाही. धुराडे दगड-विटांचे असते, ते राखता येते. कामाची आठवण सांगून व लिहूनच राखावी लागते.

आणि हे केवळ परळपुरते नाही. आपल्या सदाशिव पेठेत गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. पुढे मोठ्या हुद्द्यांवर चढलेल्या कित्येकांनी आपल्या आठवणींत पेठेचे उपकार मानले आहेत. पण त्या पानावर वाढणाऱ्या बाईचे नाव क्वचितच लिहिलेले असते. पापड-मसाल्याची कामे, शिवणकाम, घरगुती खाणावळी, परीक्षेच्या मुलांचे डबे, ह्यांवर पेठेतल्या वाड्यांत किती संसार उभे राहिले! आता वाडे पडून इमारती होत आहेत. परळच्या चाळींचे झाले तेच इथे होत आहे, फक्त भोंगा नसल्यामुळे आपल्याला ऐकू येत नाही.

तेव्हा मंडळाला माझी एक विनंती आहे. पुढील वर्धापनदिनापर्यंत प्रत्येक सभासद भगिनीने आपल्या घरातल्या किंवा शेजारच्या सर्वांत वयस्क बाईला तीन गोष्टी विचाराव्यात : तुम्ही कोणते काम करीत होता, त्याचे किती पैसे मिळत, आणि त्या पैशांचे काय झाले? उत्तरे त्यांच्याच शब्दांत मंडळाच्या एका वहीत उतरून घ्यावीत. खर्च एका वहीचा. ज्यांना लिहिण्याचा कंटाळा असेल त्यांच्यासाठी मी लिहून देईन. सातवीपर्यंतच्या शाळेत अक्षर तरी चांगले घोटून घेतले होते.